‘नाव काय म्हणालात?’

गेल्या गणपतीत आमच्या गावातल्या एका मराठी घरी जेवायला गेलो होतो. आमचं गाव म्हणजे इंग्लंडमधलं, सरी परगण्यातलं वोकिंग. आरती झाली, मोदक झाले, पानं उचलली गेली आणि मग परदेशात चार मराठी माणसं जमली की होतात त्या गप्पा सुरू झाल्या. पुण्यातले फ्लॅटचे भाव, इथले व्याजदर, कोणाच्या मुलाला कुठल्या शाळेत प्रवेश मिळाला, वगैरे. बोलता बोलता माझे एक स्नेही म्हणाले, “राग मानू नकोस, पण तुमच्या लोकांना आपापल्यात राहायलाच आवडतं. कोंढवा बघ, मुंब्रा बघ. अगदी इथेसुद्धा मेबरी बघ. मिसळायचंच नसतं तुम्हाला.”

माणूस सज्जन आहे. माझ्या मुलीला त्याने गणित शिकवलं आहे आणि माझ्या घरची बिर्याणी तो डबा भरून नेतो. तेव्हा त्याच्या घरात, त्याच्या गणपतीसमोर मी गप्प बसलो. नंतर मात्र त्या गप्प बसण्याचा मला राग आला, कारण हे वाक्य मी गेली वीस वर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी हसून सोडून देतो आहे. म्हणून हे उत्तर. त्याचं नाव लिहीत नाही, तो वाचेल आणि ओळखेल. पण उत्तर एकट्या त्याला नाही. हे वाक्य मनात बाळगणाऱ्या सगळ्या सज्जनांना आहे.

सुरुवात मी आज जिथे राहतो तिथून करतो.

वोकिंगच्या उत्तरेला हॉर्सेल कॉमन नावाची मोकळी जमीन आहे. तिथून चालत पंधरा मिनिटांवर माझं तीन खोल्यांचं, एका भिंतीला शेजारचं घर चिकटलेलं असं छोटं घर आहे. अशा जमिनीला इथे हीथ म्हणतात. मराठीत माळरान म्हणावं लागेल, पण आपलं माळरान गवताचं आणि हे खुरट्या झुडपांचं. माती वाळूची, आंबट, निकस. तिच्यात शेती होत नाही. हेदरची गुडघाभर झुडपं, पिवळ्या फुलांचा काटेरी गॉर्स, मधे मधे पाइन आणि बर्च. ऑगस्टमध्ये हेदर फुलतं तेव्हा सगळी जमीन जांभळी होते. एच. जी. वेल्स वोकिंगमध्ये राहत होता आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीत त्याने मंगळावरून आलेल्यांना उतरवलं ते याच कॉमनवर. थोडक्यात, परक्यांनी येऊन उतरण्याची या जागेला सवय आहे.

हीथ निसर्गाने आपोआप तयार केलेली नाही, हे मला इथे येऊन कळलं. हजारो वर्षांपूर्वी माणसाने जंगल तोडलं, गुरं चारली, सरपण नेलं, त्यातून ती झाली. आजही तिला तशीच सोडली तर काही वर्षांत बर्च आणि पाइन सगळं व्यापून टाकतात. म्हणून माणसं मुद्दाम रोपटी उपटतात, झुडपं कापतात, काही ठिकाणी गुरं सोडतात. मोकळी जागा मोकळी ठेवायलाही मेहनत लागते.

या मेहनतीमागे कायदा आहे. सरी, बर्कशर आणि हॅम्पशर या तीन परगण्यांत विखुरलेल्या अशा हीथना मिळून २००५ साली विशेष संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. तो तीन पक्ष्यांसाठी. एक रातवा, दुसरा चंडोलाच्या कुळातला वूडलार्क आणि तिसरा डार्टफर्ड वॉर्बलर नावाचा चिमुकला पक्षी. यातले पहिले दोन जमिनीवर घरटं करतात आणि तिसरा जमिनीलगतच्या झुडपात. माणूस आणि त्याचा कुत्रा जवळून गेला की पक्षी घरट्यावरून उठतो, अंडी उघडी पडतात. मांजरं तर थेट पिलंच नेतात. म्हणून नियम असा की हीथच्या हद्दीपासून ४०० मीटरच्या आत एकही नवं घर वाढवायचं नाही. ४०० मीटर ते पाच किलोमीटर या पट्ट्यात बांधायचं तर आधी लोकांना फिरायला दुसरी हिरवी जागा द्यायची, दर हजार वस्तीमागे किमान आठ हेक्टर, आणि हीथच्या देखरेखीसाठी वर पैसे भरायचे.

इथल्या बिल्डरांना हा नियम आवडतो असं नाही. घरं कमी आणि महाग आहेत. तरुण जोडपी वैतागून म्हणतात, पक्ष्याला जागा आहे, आम्हाला नाही. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण नियम काय आहे ते बघा. सरकारने ठरवलं की या जिवाला राहायला जागा लागते, ती बाजारावर सोडून मिळणार नाही, तेव्हा कायद्याने द्यावी लागेल. या एका वाक्यापाशी मी पुन्हा येणार आहे.

हे घर मी २०१७ साली घेतलं. विकणारे आजोबा एकटे होते, डेव्हनला मुलीकडे राहायला निघाले होते. एजंटने मला तीन प्रश्न विचारले. पहिलंच घर आहे का? कर्जाची प्राथमिक मंजुरी आहे का? तुमचं आधीचं घर विकलं जाण्यावर हा व्यवहार अडणार आहे का? माझं नाव वकिलाने विचारलं, पासपोर्ट आणि पैशाचा माग तपासायला, आणि ते तो सगळ्यांना विचारतो. पुढचे चार महिने सर्व्हे, शोध, कागद यांत गेले. किल्ली मिळाली तेव्हा ओट्यावर आजोबांची चिठ्ठी होती. बॉयलर कसा चालू करायचा, कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या आठवड्यात बाहेर ठेवायचा, आणि कुंपणाखाली साळूसारखे हेजहॉग येतात त्यांची वाट बुजवू नका. बस.

ही चिठ्ठी वाचून माझी बायको रडली. इंग्रज शेजाऱ्याच्या चांगुलपणामुळे ती रडली असं समजू नका. ती अब्बांच्या आठवणीने रडली.

अब्बा साताऱ्याकडच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायचे. तीस वर्षं त्यांनी व्याकरण आणि निबंध शिकवले. निवृत्तीनंतर त्यांचे बरोबरीचे तीन-चार शिक्षक पुण्यात मुलांकडे राहायला गेले, वारज्याच्या बाजूला. संध्याकाळी टेकडीच्या पायथ्याशी त्यांचा कट्टा जमायचा. अब्बांची एवढीच इच्छा होती की उरलेली वर्षं या कट्ट्याजवळ काढावीत. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. २००८ साली मी त्यांच्यासाठी फ्लॅट शोधायला सुरुवात केली. विकत घ्यायचा होता, भाड्याने नाही. पैसे होते, कर्जही मंजूर होतं.

फोनवर माझं मराठी ऐकून एजंट खूष व्हायचे. “सर, फ्लॅट एकदम तुमच्यासारख्या फॅमिलीसाठीच आहे.” मग भेटीची वेळ ठरायची आणि शेवटी यायचा तो प्रश्न, “नाव काय म्हणालात?” नाव सांगितलं की क्षणभर शांतता. मग, “सर, मी ओनरशी बोलून कळवतो.” कळवलं कोणीच नाही. काही जण प्रामाणिक होते. ते म्हणायचे, “सर, कोंढव्यात बघा ना. तिकडे तुम्हाला बरं पडेल.”

असे अकरा फ्लॅट झाले. बाराव्याला टोकनपर्यंत गेलो. मालक स्वतः भेटले, चहा दिला, अब्बांशी मराठी शाळांवर तासभर बोलले. मी एकावन्न हजारांचा चेक दिला. पाच दिवसांनी तो परत आला. मालकांचा फोन अजून आठवतो. “आमचं काही नाही हो. तुमचे वडील तर देवमाणूस. पण सोसायटीतले लोक म्हणतात...”

‘आमचं काही नाही’ हे वाक्य मराठी भाषेतलं एक अजब वाक्य आहे. मालकाचं काही नाही, सोसायटीचं आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, त्याचं काही नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना चालत नाही. बाईंना विचारा, त्यांचं काही नाही, सुनेच्या माहेरचे लोक काय म्हणतील. एजंटचं काही नाही, त्याला धंदा करायचा आहे. कोणाचंच काही नाही आणि तरी फ्लॅट मिळत नाही. एवढ्या निर्दोष माणसांनी मिळून केलेला अन्याय दुसरीकडे क्वचितच सापडेल.

शेवटी अब्बांना कोंढव्यात फ्लॅट घेतला. फ्लॅट चांगला होता. शेजारी चांगले होते. पण कोंढव्याहून वारज्याला जायचं म्हणजे स्वारगेटला बस बदलायची. पहिलं वर्ष ते आठवड्यातून तीनदा गेले, मग एकदा, मग गुडघे दुखायला लागले आणि महिन्यातून एकदा. शेवटची दोन वर्षं गेलेच नाहीत. २०१५ साली ते वारले. भेटायला आलेले त्यांचे मित्र खरोखर हळहळले आणि त्यातले एक मला म्हणाले, “सर इतके लांब का गेले हो राहायला? आमच्यातच राहायला हवं होतं.”

आता माझ्या स्नेह्याचं वाक्य पुन्हा वाचा. तुमच्या लोकांना आपापल्यात राहायलाच आवडतं.

आवडण्याचा प्रश्न असता तर मी वाद घातला नसता. आपल्यातल्यांच्या शेजारी राहावंसं वाटणं माणसाला स्वाभाविक आहे. मशीद जवळ हवी, मुलांची शाळा जवळ हवी, हे कोणालाही वाटेल. वोकिंगच्या मेबरीतही तसंच झालं. पाकिस्तानातून कामाला आलेली माणसं मशिदीच्या आणि नातेवाइकांच्या आसपास राहिली. पण आवड तेव्हाच म्हणता येते जेव्हा दुसरं दार उघडं असतं. अकरा दारं बंद करायची, बाराव्यातून चेक परत करायचा आणि मग म्हणायचं की बघा, हे स्वतःहून तिकडे गेले.

मुंब्रा कसं वाढलं हे मुंबईत कोणालाही विचारा. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मिश्र वस्तीतली हजारो कुटुंबं जीव घेऊन तिकडे गेली. अहमदाबादचं जुहापुरा २००२ नंतर असंच फुगलं. गुजरातमध्ये तर १९९१ पासून कायदाच आहे. सरकारने ‘अशांत’ ठरवलेल्या भागात घर विकायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. दंगलीच्या धाकाने कोणाचं घर मातीमोल भावात जाऊ नये, हा मूळ हेतू. झालं असं की दोन धर्मांची माणसं शेजारी येऊ नयेत यासाठी तो वापरला जातो. न्यायमूर्ती सच्चर समितीने २००६ च्या अहवालात स्वच्छ लिहिलं की मुसलमानांना घर विकत घ्यायला आणि भाड्याने मिळायला अडचण येते, सुरक्षिततेच्या भीतीने ते एकत्र राहतात, आणि एकत्र राहिले की त्या वस्तीकडे पालिकेला दुर्लक्ष करणं सोपं जातं. म्हणजे आधी वस्तीत ढकलायचं, मग तिथे पाणी, गटार, शाळा द्यायची नाही, आणि मग म्हणायचं की यांच्या वस्त्या घाण असतात.

“पण घर माझं आहे. मी कोणाला विकायचं ते मी ठरवीन.” हा आक्षेप मला अनेक सुशिक्षितांनी ऐकवला आहे. ठीक आहे, त्याचा विचार करू. आपल्या घटनेच्या १५ व्या कलमात म्हटलं आहे की दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तळी, घाट, रस्ते इथे धर्म, जात, लिंग पाहून कोणाला अडवता येणार नाही. विहीर गावातल्या कोणीतरी खोदलेलीच असते, दुकान कोणाच्या तरी मालकीचंच असतं. तरी घटनाकारांनी म्हटलं की इथे तुमची मर्जी चालणार नाही. कारण त्या मर्जीने काय केलं हे बाबासाहेबांनी स्वतः भोगलं होतं. बडोद्याला नोकरीला गेले असता पारशी धर्मशाळेत त्यांना पारशी नाव सांगून राहावं लागलं आणि खरी जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. परदेशात शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. घर नाकारण्याचा इतिहास मुसलमानांपासून सुरू होत नाही आणि मुसलमानांपाशी संपतही नाही.

दुर्दैवाने १५ व्या कलमाच्या त्या यादीत घर हा शब्द नाही. आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात असा निकाल दिला की सदस्यत्व फक्त पारशांना देण्याचा संस्थेचा पोटनियम वैध आहे, कारण संघटना स्थापन करण्याचं स्वातंत्र्य त्यांना आहे. संख्येने घटत चाललेल्या पारशांची काळजी मी समजू शकतो. पण तोच तर्क बहुसंख्याकांच्या हाती दिला की काय होतं याचा विचार करा. बारा फ्लॅट बघून मी तो केलेला आहे.

महाराष्ट्रात तर कायदा आपल्या बाजूला आहे. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाचं २३ वं कलम सांगतं की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. पण कलम लागू व्हायला आधी व्यवहार व्हावा लागतो. व्यवहार होऊच दिला जात नाही. नकार फोनवर येतो, कागदावर कधीच येत नाही. ‘आमचं काही नाही’ याचा पुरावा कोर्टात काय दाखवणार?

दुसरा आक्षेप खाण्याचा. “तुम्ही मांसाहार करता, वास येतो.” पुण्यातल्या रविवारच्या मटणाच्या रांगेत उभं राहून हे वाक्य म्हणून बघावं. कोल्हापूरच्या तांबड्या रश्शाचा आणि मालवणच्या बांगड्याचा वास कोणत्या धर्माचा असतो? माझ्या मराठी बांधवांना खाण्यावरून घर नाकारण्याचा अर्थ नीट ठाऊक आहे. मुंबईत बोंबील खाणाऱ्या मराठी माणसाला शाकाहारी सोसायट्या उभं करत नाहीत. २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली गेली तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला, सगळे पक्ष बोलले. योग्यच झालं. मीही इथून संताप व्यक्त केला. पण त्याच आठवड्यात पुण्यात किती एजंटांनी ‘नाव काय म्हणालात’ विचारून फोन ठेवला असेल? त्याच्यासाठी कोणता पक्ष बोलला? मराठी म्हणून नाकारलं तर अन्याय आणि मुसलमान म्हणून नाकारलं तर ‘घर माझं आहे’. अब्बा तर दोन्ही होते. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला मराठी माणूस म्हणून कोणत्या खात्यात धरायचं ते एकदा सांगा.

तिसरा आक्षेप, “भाव पडतात.” पडत असतील. कोणी घाबरून विकायला काढलं की पडतात. म्हणजे भीतीने भाव पडतात आणि भीतीचं बिल आमच्या नावावर फाटतं.

आता माझ्या समाजाकडे वळतो, कारण एकतर्फी लिहिणं मला जमत नाही. ‘फक्त मुस्लिम कुटुंबांसाठी’ म्हणून स्कीम विकणारे आपल्यातले बिल्डर आहेत. धंद्यासाठी भीती विकणारे हेही त्याच दुकानाचे भागीदार. आपल्या इमारतीत दलित किंवा हिंदू कुटुंब भाड्याने आलं तर आपण किती सहज घेतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं. बिरादरी विचारून भाडेकरू ठेवणारे मी पाहिले आहेत. शिवाय व्याजाचा प्रश्न आहे. गृहकर्ज हराम म्हणून वीस-वीस वर्षं भाड्याने राहणारी कुटुंबं इथेही आहेत, तिथेही आहेत. युरोपमधल्या फतवा परिषदेने १९९९ सालीच म्हटलं की दुसरा मार्ग नसेल तर राहत्या घरासाठी असं कर्ज घेता येईल. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी ब्रिटिश सरकारने २००३ साली करकायदा बदलला. बँक आधी घर घेते आणि मग तुम्हाला देते अशा व्याजविरहित पद्धतीत घराचा व्यवहार दोनदा होतो, म्हणून मुद्रांक शुल्कही दोनदा बसायचं. ते एकदाच केलं. मी स्वतः साधं कर्ज घेतलं. त्याबद्दल मला प्रवचन देणाऱ्यांनी आधी अब्बांच्या दोन बस मोजाव्यात.

आणि इंग्लंड स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. १९६५ साली इथे वंशभेदाविरुद्ध पहिला कायदा झाला, त्यात घर हा शब्द नव्हता. ‘काळ्यांना खोली नाही’ अशा पाट्या खिडकीत लावणं तोवर सर्रास चालायचं. १९६८ च्या कायद्यात घरं आली, आणि तो कायदा होऊ नये म्हणून एनॉक पॉवेलने त्याचं कुप्रसिद्ध भाषण केलं. धर्म पाहून घर नाकारण्याविरुद्ध मुसलमानांना थेट संरक्षण मिळायला २००६ चा कायदा यावा लागला. तोही पुरेसा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये साउथपोर्टच्या हत्याकांडानंतर खोट्या अफवेवर मशिदींवर दगड पडले, निर्वासितांची हॉटेलं पेटवण्याचा प्रयत्न झाला. त्या आठवड्यात मी मुलीला एकटीने स्टेशनवर जाऊ दिलं नाही. संध्याकाळी शेजारची बाई दारात आली आणि म्हणाली, काही लागलं तर भिंतीवर ठोका. भिंत एकच आहे आमची.

या देशाच्या हिशेबीपणाचा पुरावा माझ्या हीथवरच उभा आहे. हॉर्सेल कॉमनच्या कडेला विटांच्या भिंतींचं, घुमटाच्या दाराचं एक छोटं आवार आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी लढून इथल्या इस्पितळांत मेलेल्या हिंदी मुसलमान शिपायांचं ते कबरस्तान. १९१७ साली बांधलं. जागा वोकिंगची निवडली कारण १८८९ साली भोपाळच्या शाहजहाँ बेगमच्या देणगीतून उभी राहिलेली मशीद इथेच आहे. आणि निकड अशी होती की मुसलमान शिपायांना रीतीप्रमाणे पुरत नाहीत असा प्रचार जर्मन करत होते. म्हणजे जागा मिळाली ती प्रेमाने नाही, गरजेने. पुढे मोडतोड सुरू झाली आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी शिपायांचे अवशेष ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमीत हलवले. मेलेल्यांनाही घर बदलावं लागलं. मग २०१५ साली ते आवार दुरुस्त करून शांतता उद्यान म्हणून उघडलं. आत हिमालयातले पांढरे बर्च लावले आहेत आणि दगडावर सत्तावीस नावं कोरली आहेत.

त्या नावांसमोर मी कधी कधी उभा राहतो. इथे नाव विचारलं ते दगडावर लिहायला.

तर मला माझ्या स्नेह्याला एवढंच म्हणायचं आहे. हा देश चांगल्या मनाच्या माणसांमुळे बदलला नाही. चांगली माणसं १९६५ च्या आधीही होती आणि त्यांचंही ‘काही नव्हतं’. कायदा आला, दंड आला, वकील आले, मग सवय बदलली. रातव्याला ४०० मीटर लोकांच्या दयेने मिळालेले नाहीत. माळ मोकळा ठेवायचा तर दर वर्षी हातात विळा घ्यावा लागतो. महाराष्ट्रात घर नाकारण्याविरुद्ध स्पष्ट कायदा हवा, ज्यात भाडं आणि विक्री दोन्ही येतील. नोंदणी केलेला एजंट धर्म किंवा जात विचारून ग्राहक परत पाठवत असेल तर त्याची नोंदणी रद्द व्हायला हवी. सोसायटीला नकाराचं कारण लेखी द्यायला लावलं पाहिजे. लेखी द्यायचं म्हटलं की बऱ्याच लोकांचं ‘काही नाही’ खरोखरच काही नाही होईल.

पण कायद्याला वेळ लागेल आणि तुझ्याकडे आजच एक काम आहे. त्या रात्री तूच सांगितलंस की बाणेरचा तुझा फ्लॅट डिसेंबरमध्ये रिकामा होतोय आणि एजंटला नवा भाडेकरू बघायला सांगितलंय. डिसेंबरमध्ये त्याचा फोन येईल. तो म्हणेल, सर, पार्टी चांगली आहे, नोकरी चांगली आहे, डिपॉझिट तयार आहे, फक्त एक गोष्ट आहे. आणि तो थांबेल. तुझ्या सोसायटीला काय चालतं ते त्याला ठाऊक आहे. तुला काय चालतं ते त्याला तुझ्या तोंडून ऐकायचं असेल.

तेव्हा तू काय म्हणालास ते मला पुढच्या गणपतीत सांग. मिसळण्याबद्दल आपण त्यानंतर बोलू.